खसखशीहून बारीक बी, हिवाळाभर फुले

पिटुनियाचे बी पहिल्यांदाच विकत घेणाऱ्याला आपल्या हाती रिकामे पाकीट आले असे वाटते. हलवले तर आवाज येत नाही. फाडून आत डोकावले तर कोपऱ्यात चिमूटभर तपकिरी भुकटी दिसते. तेच बी. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया भरतात. खसखशीच्या एका दाण्याच्या वजनात पिटुनियाच्या तीनेक बिया बसतील. आणि यातल्या एकेका कणातून नीट वाढवले तर फूटभर पसरणारे, तीन-साडेतीन महिने सतत फुलणारे झाड तयार होते.

बी एवढे लहान, त्यामुळे त्याच्याजवळची शिदोरीही लहान. मूग किंवा वालाच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतका अन्नसाठा असतो. वर बोटभर माती असली तरी तो ती फोडून बाहेर येतो. पिटुनियाला हे जमत नाही. त्याचे बी पुरायचे नसते, मातीवर नुसते पसरायचे असते, कारण उगवताना त्याला उजेड हवा असतो. बहुतेकांचे बी 'खोटे' निघते ते इथेच. सवयीने वर मातीचा थर पडतो, झारीच्या धारेने बी आणखी खाली जाते आणि दोन आठवड्यांनी लोक दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतात.

दुसरी फसगत पाकिटावरच्या मजकुराने होते. चांगल्या संकरित जातींच्या पाकिटांवर बहुधा परदेशी वेळापत्रक छापलेले असते: शेवटचे हिम पडून जाण्याच्या दहा-बारा आठवडे आधी घरात पेरा आणि उन्हाळाभर फुले मिळवा. पुण्या-नाशिकात हे शब्दशः पाळले तर रोपे ऐन एप्रिल-मे महिन्यांत बाहेर येतील आणि होरपळतील. या झाडाला दिवसा वीस-पंचवीस अंश तापमान आणि रात्री गारवा मानवतो. युरोपात असे दिवस उन्हाळ्यात येतात, आपल्याकडे दिवाळीनंतर. म्हणून महाराष्ट्रात पेरणी गणपतीनंतर, पावसाचा जोर ओसरला की करावी. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. फुले डिसेंबरपासून मार्चपर्यंत. मुंबईत ऑक्टोबरच्या काहिलीत कोवळी रोपे तग धरत नाहीत, तिथे पंधरा दिवस थांबलेले बरे. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, मुंबईत राणीच्या बागेतलेही त्याच सुमारास. हंगामी फुलांच्या कुंड्या तेव्हाच भर बहरात असतात, हे त्यामागचे साधे गणित. दुबईतल्या मिरॅकल गार्डनमध्ये पिटुनियाच्या भिंती, कमानी आणि फुलांनी मढवलेले आख्खे विमान पाहून आलेले मराठी पर्यटक पुष्कळ आहेत. २०१३ साली सुरू झालेली ती बागही हिवाळ्याच्या बेतानेच चालते. तिथल्या उन्हाळ्यात ती बंद असते.

पिटुनिया मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना हे त्याचे माहेर. बागेतला पिटुनिया मात्र तिथे रानात कुठे सापडणार नाही, कारण तो दोन रानटी जातींचा संकर आहे. एक पांढरी, रात्री सुगंध सोडून पतंगांना बोलावणारी. दुसरी जांभळी, दिवसा मधमाश्यांवर भिस्त ठेवणारी. जेम्स ट्वीडी नावाच्या स्कॉटिश माळ्याने या जांभळ्या जातीचे बी १८३१ च्या सुमारास ग्लासगोला धाडले. पांढरी जात युरोपात आधीच पोचली होती. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या बागवानांनी दोघींचा मेळ घातला आणि आजच्या बागेतल्या पिटुनियाची सुरुवात झाली. पांढऱ्या आणि गडद जांभळ्या जातींना आजही तिन्हीसांजेला मंद वास येतो तो या पांढऱ्या पूर्वजाकडून. गुलाबी-लाल रंगांना तो फारसा नसतो. गॅलरीत संध्याकाळी बसणाऱ्याने रंग निवडताना एवढे ध्यानात ठेवावे.

आता पेरणी. पिटुनियाची निम्मी लढाई या एका तासात ठरते, त्यामुळे इथे घाई नको.

दोन इंच खोलीचा, खाली भोके असलेला पसरट ट्रे घ्यावा. मिठाईचा प्लास्टिकचा डबाही चालतो. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चांगले कुजलेले गांडूळखत एकत्र करून बारीक चाळणीतून चाळावे. कोकोपीटमध्ये क्षार असतात, तेव्हा ते आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्यावे. कुंडीतली जुनी माती इथे अजिबात नको. तिच्यात बुरशी आणि तणाचे बी असते, आणि पिटुनियाचा अंकुर व तणाचा अंकुर वेगळा ओळखण्याइतकी नजर पहिल्या वर्षी कोणाचीच तयार नसते. मिश्रण ट्रेमध्ये भरून लाकडाच्या सपाट तुकड्याने हलके दाबावे, पाण्याने पूर्ण भिजवावे आणि जास्तीचे पाणी निथळू द्यावे. पृष्ठभाग जितका सपाट तितके बरे, कारण खड्डा दिसला की बी त्यात घरंगळते आणि एकाच ठिकाणी पन्नास रोपांची दाटी होते.

बी चमचाभर कोरड्या, बारीक, फिक्या रंगाच्या वाळूत मिसळावे. कुठे पडले आणि कुठे राहिले ते वाळूमुळे दिसते. जाड कागद मधोमध दुमडून पन्हळ करावी, तिच्यात हे मिश्रण घ्यावे आणि कागदाच्या कडेवर बोटाने टिचक्या मारत ट्रेवरून हात फिरवावा. पंखा बंद हवा, खिडकी बंद हवी आणि शिंक येत असेल तर आधी शिंकून घ्यावे. वर माती टाकायची नाही. हातपंपाचे अगदी बारीक तुषार एकदा मारले की बी मातीला चिकटते. संकरित बी बरेचदा मातीसारखे लेपन केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळते. ते ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेक उचलून ठेवता येते. मात्र लेप विरघळेपर्यंत पृष्ठभाग ओलाच राहायला हवा. अर्धवट भिजून सुकलेली गोळी आतल्या अंकुराला बाहेर येऊ देत नाही.

ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवून तो भरपूर उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावा. काचेखालच्या थेट उन्हात तासाभरात रोपे शिजतात. यापुढे पाणी वरून द्यायचे नाही. परातीत दोन बोटे पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवावा आणि माती वरपर्यंत ओली दिसली की उचलावा. मुंग्यांकडे लक्ष असावे. त्या बी उचलून नेतात आणि माणूस उगवण्याची वाट पाहत बसतो. ट्रे उंचावर ठेवून आधाराच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे हा जुना इलाज इथेही लागू पडतो.

तापमान एकवीस ते चोवीस अंशांच्या आसपास असेल तर पाच ते दहा दिवसांत मातीवर हिरवे ठिपके दिसू लागतात. टाचणीच्या डोक्याएवढी दोन पाने. ती दिसताच झाकण थोडे थोडे उघडायला लागावे आणि दोन-चार दिवसांत पूर्ण काढावे. झाकणाखाली उबदार, ओलसर आणि कोंदट असले की पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशी जोर धरतात. काल ताठ उभी असलेली रोपे आज सकाळी आडवी झालेली असतात आणि भिंगातून पाहिले तर मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसतो. रोपवाटिकेतले लोक याला रोपे कोलमडणे म्हणतात. कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. विरळ पेरणी, खालून पाणी आणि खेळती हवा या तीन गोष्टी पाळल्या तर बहुतेक रोपे वाचतात. मिश्रणात ट्रायकोडर्मा घातले तर अधिक चांगले. उजेड कमी पडला की रोपे उंच, फिकट आणि लेचीपेची होतात. तेव्हा कोवळ्या सकाळच्या उन्हाची सवय त्यांना लवकर लावावी.

पुढचे काम त्या मानाने सोपे. तीन-चार खरी पाने आली की एकेक रोप टूथपिकने मुळासकट उचलून प्रोट्रेच्या कप्प्यात लावायचे. धरायचे ते पानाला, देठाला नव्हे. पान फाटले तर दुसरे येते, देठ चेचला तर संपले. मुळे धरली की आठवड्याला एकदा १९:१९:१९ खत, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम. पाच-सहा पाने झाली की शेंडा खुडावा. नव्या बागप्रेमींचा हात इथे धजत नाही, पण शेंडा न खुडलेले झाड एका दांड्यावर चार फुले देते आणि खुडलेले बगलेतून फुटवे काढून डेरेदार होते. पेरणीपासून सहाएक आठवड्यांनी रोपे वाफ्यात किंवा कुंडीत जातात. वाफ्यात दोन रोपांत पंचवीस-तीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. पहिले फूल अडीच-तीन महिन्यांनी.

दिवसाच्या लांबीचाही इथे वाटा आहे. पिटुनिया मोठ्या दिवसांत लवकर आणि उभट होऊन फुलतो, लहान दिवसांत तो बुटका राहून फांद्या वाढवतो. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे आपल्याकडचे झाड आधी नीट भरते आणि फुले थोडी उशिरा पण भरगच्च येतात. नाताळच्या आसपास 'नुसतीच पाने' म्हणून खतांचा मारा करणाऱ्यांनी जरा दम धरावा.

महाराष्ट्रात पिटुनियाची खरी गोची मातीशी आहे. त्याला किंचित आम्ल माती लागते, सामू साडेपाच ते साडेसहा. देशावरची काळी माती बहुतेक ठिकाणी सातच्या वर, चुनखडी असेल तर आठच्याही वर. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्यात बोअरचे जड पाणी पडले की आणखी भर. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. उसावर 'केवडा' पडला असे शेतकरी म्हणतात, त्यातला बराचसा प्रकार हाच. पानांचा पिवळेपणा पाहून लोक युरिया घालतात आणि दुखणे तिथेच राहते. हिराकस टाकली तरी चुनखडीच्या मातीत तिच्यातले लोह लवकरच पुन्हा अडकून पडते. त्यापेक्षा चिलेटेड लोहाची हलकी फवारणी उपयोगी. कोकणातली जांभ्याची माती या झाडाला मानवेल, पण तिथली दमट हवा मानवत नाही. घाटावर हवा मानवते तर माती आडवी येते. या तंट्यात कुंडीचा पर्याय सर्वांत शहाणपणाचा. लाल माती, कोकोपीट आणि कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण भरले की जमिनीचा सामू काय आहे याची फिकीर उरत नाही.

कुंडी आठ-दहा इंचांची पुरते. टांगत्या टोपलीत पसरट जातीची तीन रोपे लावावीत. टोपली लवकर वाळते, तिला रोज पाणी लागते. ऊन पाच-सहा तास हवेच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी या कामाला उत्तम. उत्तरेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन येतच नाही. तिथे पिटुनियाचा हट्ट सोडून द्यावा.

जातींच्या बाबतीत दुकानदार मोठ्या फुलांचे चित्र आधी दाखवतो. ग्रँडिफ्लोरा गटाची फुले तळहाताएवढी असतात आणि पाकिटावर तीच उठून दिसतात, पण एका अवकाळी सरीत त्यांचा चिखल होतो. मल्टिफ्लोरा गटाची फुले लहान, संख्येने खूप आणि पावसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी. वाफ्यासाठी मल्टिफ्लोरा आणि आडोशाच्या कुंडीसाठी ग्रँडिफ्लोरा अशी वाटणी केली तर पस्तावायची पाळी येत नाही. दुहेरी पाकळ्यांच्या जाती हा जपानचा पराक्रम. पूर्वी दुहेरी फुलाचे बी पेरले तरी बरीच रोपे एकेरी निघायची. साकाता कंपनीने सगळीच रोपे दुहेरी फुलांची देणारे बी बनवले आणि १९३४ साली अमेरिकेत 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चा मान मिळवला. त्याच संस्थेने १९९५ मध्ये 'पर्पल वेव्ह'ला गौरवले. तोवर जमिनीलगत पसरणारा, टोपलीतून खाली लोंबणारा पिटुनिया मुख्यतः छाटकलमांनी वाढवावा लागे. 'पर्पल वेव्ह' बियांपासून येऊ लागला आणि टांगत्या टोपल्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या.

आपल्याच झाडावरचे बी धरून पुढच्या वर्षी पेरावे का? धरायला हरकत नाही, पण तेच फूल येईल या भरवशावर राहू नये. बाजारातल्या बहुतेक जाती पहिल्या पिढीच्या संकरित असतात. त्यांच्या मुलांत रंग, उंची, फुलाचा आकार सगळेच विखुरते. दोन-तीन पिढ्यांनी वाफा जांभळ्या-पांढऱ्याकडे झुकू लागतो. संकरित बी महाग का, तेही यातच आहे. मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर ती उमलण्याआधी चिमट्याने काढायचे, मग ठरलेल्या नराचा पराग आणून लावायचा, आणि हे फुलागणिक हाताने. पंजाबात संगरूर-पटियाळा भागात हंगामी फुलांच्या बियांची शेती चांगली रुजली आहे. तिथले बी युरोपात निर्यात होते.

रंगांवरून दोन गोष्टी सांगण्याजोग्या. १९९० मध्ये रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जांभळा पिटुनिया आणखी गडद करण्यासाठी रंगाच्या जनुकाची जादा प्रत त्यात घातली. झाले उलटेच. कित्येक फुले पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची निघाली. जादा प्रतीने मूळच्या जनुकाचाही आवाज बंद केला होता. पेशीतल्या या यंत्रणेचा उलगडा पुढे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी कृमींवरच्या प्रयोगांतून केला आणि त्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. दुसरी गोष्ट नारिंगी रंगाची. पिटुनियात अस्सल नारिंगी निसर्गतः येत नाही. जर्मनीत १९८७ साली मक्याचे जनुक घालून तो रंग प्रयोगशाळेत आणला गेला. तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, फिनलंडमध्ये उघड झाले की बाजारातले नारिंगी पिटुनिया हे जनुकबदल केलेलेच आहेत आणि विनापरवाना विकले जात आहेत. फिनलंडपाठोपाठ अमेरिकेतही ते दुकानांतून मागे घेतले गेले, ढिगांनी नष्ट केले गेले. कुंड्यांमधून मिरवणाऱ्या झाडाची चौकशी सरकारी प्रयोगशाळांना करावी लागली, हा प्रसंग फुलझाडांच्या इतिहासात विरळाच.

हिवाळ्यात किडी कमी, पण मावा आणि पांढरी माशी येतात. पिटुनियाची पाने, कळ्या बोटांना चिकट लागतात. त्या चिकट केसांत बारीक किडे अडकतात, तरी माव्याला तेवढ्याने अडसर होत नाही. निंबोळी अर्काची फवारणी सुरुवातीलाच केली तर पुरते. कळ्यांना गोल भोके दिसली तर घाटे अळी शोधावी. हरभऱ्यावरची तीच ही अळी. संध्याकाळी बॅटरी घेऊन पाहिले तर हाताने वेचता येते. आणि एक सूचना घरच्या माळ्याला आवर्जून द्यावी: तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला हात लावू नये. पिटुनिया तंबाखूच्याच कुळातला. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि शेंडे खुडताना बोटांवरून थेट झाडात शिरतो. पाने हिरवी-पिवळी चट्टेदार होऊन आकसली तर औषध नाही. झाड उपटून घराबाहेर टाकावे, कंपोस्टमध्ये नव्हे. साबणाने हात धुणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

फुले येऊ लागली की आठवड्यातून दोनदा सुकलेली फुले काढावीत. नुसती पाकळी ओढून उपयोग नाही, तिच्या बुडाशी असलेले हिरवे बोंड देठासह खुडावे. ते राहिले तर झाडाची सगळी शक्ती बी भरण्यात जाते. एकेका बोंडात शंभरांहून अधिक बिया असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फांद्या लांबट, मध्ये उघड्या पडलेल्या दिसू लागतात. त्या वेळी निम्म्यावर छाटणी करून खताचे पाणी दिले की दोन-तीन आठवड्यांत दुसरा बहर येतो. तो साधारण मार्चअखेरपर्यंत चालतो. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड जागी आणखी काही आठवडे. पुढे ऊन तापले की झाडे काढून टाकावीत. रिकाम्या झालेल्या कुंडीत लगेच टोमॅटो, मिरची किंवा वांगी लावू नयेत, तीही याच कुळातली असल्याने मातीतले रोग त्यांना आयतेच मिळतात. उन्हाळ्यासाठी त्या कुंडीत झिनिया किंवा चिनी गुलाब लावावा.